वाचक विचारतात : हाडवैरी कोणाला म्हणावे?

प्रश्न : तालुका क्रिकेट स्पर्धेच्या बातमीत मी ‘दोन्ही संघ एकमेकांचे हाडवैरी’ असे लिहिले. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी फोन करून चांगलेच फैलावर घेतले. चूक कुठे झाली?
— एक हौशी वार्ताहर, जि. सातारा

उत्तर : गुरुजींचे बरोबर आहे. वैर हाडापर्यंत मुरले की ते हाडवैर, आणि ते बाळगणारा हाडवैरी. अंगात मुरलेल्या जुन्या तापाला पूर्वी हाडीज्वर म्हणत, तिथले हाड तेच हे हाड.

शब्द वापरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पहिली, मुदत. परवा बांधावरून झालेली बाचाबाची म्हणजे भांडण. आज्याच्या वेळचा खटला नातवाच्या हातात आला आहे, मधल्या काळात एकमेकांच्या घरच्या लग्नाला कोणी गेले नाही की मयताला, तर ते हाडवैर. दुसरी, दोन्ही बाजू. एकच जण जळत असेल आणि दुसऱ्याला त्याची खबरही नसेल, तर तो आकस किंवा मत्सर. ‘खार खातो’, ‘पाण्यात पाहतो’ ही वर्णने तिथे चपखल बसतात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, हेतू. प्रतिस्पर्ध्याला स्वतः जिंकायचे असते. हाडवैऱ्याला समोरचा बुडालेला हवा असतो, मग त्यापायी आपले दोन एकर गेले तरी बेहत्तर! क्रिकेटच्या संघांत ही तिसरी गोष्ट नसते, निदान नसावी.

तुमच्या बातमीत ‘पारंपरिक प्रतिस्पर्धी’ चालले असते, जोर हवाच असेल तर ‘कट्टर प्रतिस्पर्धी’. मात्र पारंपरिक लिहा, ‘पारंपारिक’ नको. ‘इक’ प्रत्ययाने परंपरामधल्या पहिल्या अक्षराची वृद्धी होते, दुसऱ्याची नव्हे.

शब्दांची चढण साधारण अशी आहे : तेढ, आकस, वैमनस्य, वैर, हाडवैर. वार्ताहराने शेवटच्या पायरीवर शक्यतो जाऊच नये. गावातल्या दोन घराण्यांना बातमीत हाडवैरी म्हटले की तो शिक्का पुसायला पिढी जाते. मारामारीच्या बातम्यांतले ‘पूर्ववैमनस्यातून’ हेसुद्धा इतके सरावाचे झाले आहे की तपास सुरू होण्याआधीच कारण छापून येते. फिर्यादीत तसे म्हटले असेल तर ‘फिर्यादीनुसार’ जोडा, नाहीतर गाळा. आणि लिहिताना ‘वैमन्यस्य’ होऊ देऊ नका. मूळ शब्द विमनस्, त्याचे वैमनस्य.

प्रश्न : वैऱ्याला की वैर्याला? हाडवैरी जोडून की तोडून? स्त्रीलिंगी रूप काय? शत्रुत्वात ‘त्रु’ ऱ्हस्व, मग शत्रूत दीर्घ का?
— एक मुद्रितशोधक, पुणे

उत्तर : हाडवैरी हा सामासिक शब्द आहे, तो जोडूनच. ‘हाड वैरी’ असे तोडले की हाड सुटे पडते. ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा शेतकरी’ यांतला ‘हाडाचा’ वेगळा. तो अस्सलपणाचा गौरव आहे आणि तो सुटाच लिहायचा.

सामान्यरूप वैऱ्या : वैऱ्याला, वैऱ्याचा, वैऱ्यांनी, हाडवैऱ्याशी. ‘वैर्या’ चूक, कारण मराठीत र्य आणि ऱ्य यांचे उच्चार निराळे. आचार्य शब्दाचे होते आचार्यांना, स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचे होते आचाऱ्यांना. पंगतीच्या बातमीत हा फरक फार महाग पडतो. टाइप करताना साधा र, हलन्त, य अशा कळा दाबल्या की रफार चढतो. त्याऐवजी खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य असा क्रम घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की हा ऱ मिळतो. काही जुन्या मजकुरांत साध्या र ला हलन्त लावून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून हेच रूप साधलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकावर शोध घेतला की एकाला दुसरे सापडत नाही. अंक छपाईला जाण्याआधी दोन्ही प्रकारांनी शोधून पाहा.

स्त्रीलिंगी रूप वैरीण, हाडवैरीण. सामान्यरूपात री ऱ्हस्व होते : वैरिणीला, वैरिणींचा. काही फोन वैरीणच्या जागी आपणहून ‘वैरण’ घालतात, म्हणजे सासूची वैरीण एकदम गोठ्यात. वैरणीचा आणि आधणात तांदूळ वैरण्याचा वैराशी काही संबंध नाही.

शत्रू हा तत्सम उकारान्त शब्द. मराठीत असे शब्द एकटे आले की अन्त्य स्वर दीर्घ लिहितात आणि समासात पहिले पद म्हणून आले की मुळाप्रमाणे ऱ्हस्व. म्हणून शत्रू, शत्रूला, शत्रूंनी, पण शत्रुपक्ष, शत्रुराष्ट्र. प्रत्यय लागून झालेल्या शत्रुत्वातही मूळचा ऱ्हस्वच राहतो. शत्रू हे शेवटचे पद असेल तर पुन्हा दीर्घ : हितशत्रू, अजातशत्रू.

प्रश्न : हितशत्रू आणि अजातशत्रू हेही कट्टर शत्रूच का?
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : दोन्ही नव्हेत. हितशत्रू म्हणजे आपल्या हिताच्या आड येणारा, आणि तो बहुधा उघड समोर येत नाही. राशिभविष्यात त्याच्यापासून सावध राहायला सांगतात ते त्यामुळेच. हाडवैरी कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक असते, हितशत्रू कोण हे आपल्यालाही नसते.

अजातशत्रू तर नेमका उलटा. ज्याचा शत्रू जन्मलाच नाही तो, बहुव्रीही समास. युधिष्ठिराचे हे विशेषण, आणि मगधात बिंबिसारानंतर गादीवर आलेल्या राजाचे नावही हेच. ‘ते राजकारणातले अजातशत्रू होते’ हे वाक्य बरोबर. ‘ते आमदारांचे अजातशत्रू’ हे निरर्थक.

प्रश्न : पेशवेकाळातल्या पत्रांत ‘दावेदार’ शत्रूच्या अर्थाने दिसतो. आज तर ‘विजेतेपदाचा प्रबळ दावेदार’ असे छापतात. आणि गनीम म्हणजे नक्की कोण?
— इतिहासाचे एक अभ्यासक, वाई

उत्तर : दावा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ हक्क सांगणे, कज्जा. एकाच वतनावर दोघांनी हक्क सांगितला की पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको, म्हणून दाव्याला वैराचा अर्थ चिकटला. ‘उभा दावा’ आणि ‘दावा साधणे’ यांत तो अजून जिवंत आहे. जुने पत्र वाचताना दावेदार दिसला की आजूबाजूला वतन, हिस्सा, महजर, निवाडा असे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर तो बहुधा वादी किंवा हक्कदार. लष्करी हालचालींच्या मजकुरात असेल तर शत्रू हा अर्थ आधी ताडून पाहावा. आजच्या मजकुरात मात्र वैरासाठी दावेदार वापरू नका, वाचक त्याला उमेदवार समजेल.

गनीमही अरबी, अर्थ शत्रू. बोलणारा कोणत्या बाजूचा, त्यावर माणूस बदलतो. मोगलांच्या फारसी लिखाणात मराठे हेच गनीम, तर मराठी कागदांत समोरचा तो गनीम. त्यामुळे अनुवादात ‘गनीम’ तसाच ठेवला तर तो कोण, हे पहिल्याच वेळी स्पष्ट करा. विशेषण होताना नी ऱ्हस्व होते : गनिमी कावा.

प्रश्न : इंग्रजी गुप्तहेरकथेच्या भाषांतरात ‘आर्च-एनिमी’ला काय म्हणू?
— एक भाषांतरकार, नाशिक

उत्तर : हा आर्च कमानीचा नव्हे, तर ग्रीकमधला ‘प्रमुख’ या अर्थाचा. निवेदनात ‘कट्टर शत्रू’ सगळीकडे चालते. दोघांचे वैर जुने आणि वैयक्तिक असेल तर ‘हाडवैरी’. मुंबईच्या टोळीतल्या माणसाच्या तोंडी ‘जानी दुश्मन’ शोभते, निवेदकाच्या तोंडी नाही. ‘खलनायक’ घालू नका, ती कथेतली भूमिका आहे, नाते नव्हे. वाक्यात ‘त्याच्यासोबत वैर’ नको, ‘त्याच्याशी वैर’ हवे. क्रियापदेही ठरलेली असतात : वैर धरतात, पत्करतात, साधतात, उकरून काढतात आणि क्वचित मिटवतात.

प्रश्न : इथल्या मराठी शाळेत मुलांना ‘छत्तीसचा आकडा’ समजावून सांगता आला नाही. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ ऐकून तर ती म्हणाली, सख्य म्हणजे मैत्री ना?
— एक पालक, डब्लिन

उत्तर : मुलांच्या पुस्तकात आकडे इंग्रजी वळणाचे असतील तर कोडे उलगडणारच नाही. फळ्यावर देवनागरीत मोठे ३६ काढा. ३ चे तोंड डावीकडे, ६ चे उजवीकडे, दोघांची पाठीला पाठ. शेजारी ६३ काढले की तोंडे समोरासमोर येतात. अर्थ इतकाच की पटत नाही. ऑफिसातल्या दोघांना हे पुरे, त्यासाठी हाडवैर काढू नये.

विळ्याभोपळ्याचे सख्य उपरोधाने म्हणतात. विळा भोपळ्याला भेटला की कापतोच. नकार त्या उपरोधातच आहे, म्हणून ‘त्यांच्यात विळ्याभोपळ्याचे सख्य नाही’ असे म्हटले तर अर्थ उलटा होतो. साप-मुंगसाला मात्र सरळ वैरच लावतात. त्यांचे वैर इतके पक्के मानलेले की संस्कृत व्याकरणकार पाणिनीने अशा जोड्यांसाठी वेगळे सूत्र दिले आहे : ‘येषां च विरोधः शाश्वतिकः’ (अष्टाध्यायी २.४.९). ज्यांचा विरोध कायमचा, त्यांचा द्वंद्व समास एकवचनी होतो : अहिनकुलम्, मार्जारमूषकम्. भांडणारी जोडी दोघांची, पण शब्द एकवचनी आणि नपुंसकलिंगी. मुलांना हे सांगून पाहा, मांजर-उंदीर त्यांच्या ओळखीचे आहेत.