तिला मंचावरच जायचे आहे

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरते आणि सावकाश बोलते. नाटक हा तिचा ध्यास आहे. परंतु शाळेच्या नाटकात तिला दरवेळी पडद्यामागचे काम मिळते. मी आग्रह धरावा का?

उत्तर : जरूर धरावा, आणि तालमी सुरू होण्यापूर्वीच धरावा. पात्रनिवड झाल्यावर केलेली विनंती उपकारासारखी ऐकली जाते. शिक्षकांबरोबर आधी मंच पाहून घ्या : विंगेतून खुर्ची वळते का, चढायला उतार आहे का, चाकांना ब्रेक लावून ती प्रकाशात नेमकी कोठे थांबेल. २०१९ मध्ये अ‍ॅली स्ट्रोकर ही अमेरिकी रंगभूमीवरचा मानाचा टोनी पुरस्कार मिळवणारी पहिली व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री ठरली, तेव्हा प्रेक्षागृहातून मंचावर जायला उतार नव्हता आणि तिला पडद्यामागूनच यावे लागले. एवढ्या मोठ्या सोहळ्यात जे राहून गेले, ते शाळेतही सहज राहून जाते.

सावकाश बोलण्याची मला तितकी काळजी वाटत नाही. वाक्ये लहान करता येतात, संहिता तिला महिनाभर आधी देता येते, आणि समोरच्या पात्राने तिचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे, हे तालमीतच ठरवता येते. तिचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये, एवढे मात्र निक्षून सांगा. भूमिका अपंग मुलीचीच असावी, असेही नाही. राणी खुर्चीवरूनच हुकूम सोडते. कोणती भूमिका हवी, हे आधी तिलाच विचारा.