तीन क्रेडिट कार्डांचं मिनिमम दर महिन्याला भरतो, तरी कर्ज कमी का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की तीन कार्डांवर 1 लाख 10 हजार, 52 हजार आणि 18 हजार थकलेत. पगार 34 हजार. तिन्हींचं मिळून नऊ हजारांच्या आसपास मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, न चुकता भरता, दीड वर्ष झालं तरी आकडा जागचा हलत नाही. घरी कुणाला माहीत नाही आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन महिन्यांवर आलीय. वाचून पोटात कालवलं, कारण यातून मी गेलोय.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतो. मार्च 2020 मध्ये हॉटेल बंद पडलं तेव्हा कार्डावर 62 हजार होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, मी ती घेतली आणि समजलो की व्याजही थांबलं. व्याज चालूच होतं. सप्टेंबरचं स्टेटमेंट आलं 80 हजारांचं. खाली लिहिलेलं, मिनिमम 4,000. भरले. पुढच्या महिन्यात उरलेल्या 76 हजारांवर साडेतीन टक्क्यांनी 2,660 व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 479. नवी थकबाकी 79,139. चार हजार गेले आणि कर्ज उतरलं 861 रुपयांनी. मी ते कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.

तुमचंही तेच होतंय. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42. तुमच्या 1 लाख 80 हजारांवर जीएसटी धरून महिन्याचं व्याज साधारण 7,400 होतं. नऊ हजारांतले दीड हजार तेवढे मुद्दलात जातात, आणि तेवढ्याची खरेदी तुम्ही कार्डावर परत करत असणार. मिनिमम भरल्याने लेट फी चुकते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, हप्ता थकल्याची नोंद होत नाही. बाकी त्याचा उपयोग नाही.

म्हणून पहिलं काम, तिन्ही कार्डं आजपासून वापरायची बंद. अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेली असतील तर काढून टाका. मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसली की 45-50 दिवसांची बिनव्याजी मुदत लागूच होत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आज म्हापशाला पेट्रोल भरलंत तर व्याज आजपासून. एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरता असं तुम्ही लिहिलंय, ते तर ताबडतोब थांबवा. रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय काढण्याची फी वेगळी.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. हे कर्ज 42 टक्क्यांवरून खाली आणा. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे जाऊन पर्सनल लोन विचारा. समजा 14 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार दोन वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता येतो साधारण 8,650. तुम्ही आज भरता त्यापेक्षाही थोडा कमी, आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपतं. पैसे जवळपास तेच, फक्त त्यातले बहुतेक व्याजात न जाता मुद्दलात जातात. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड सही करण्याआधी विचारून घ्या.

थकबाकीचा बोजा बघून बँकेने नाही म्हटलं तर घरात सोनं आहे का ते बघा. सोनेतारण कर्ज बऱ्याचदा यापेक्षाही स्वस्त पडतं आणि त्यासाठी सिबिल फारसं आड येत नाही. मी तेच केलं. बायकोला सांगायला मला तीन महिने लागले. एका रात्री स्टेटमेंट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, उठून कपाटातून डबा आणला आणि दोन पाटल्या काढून दिल्या. त्या चौदा महिन्यांनी सोडवल्या. म्हणून सांगतो, घरी सांगा. लपवून फेडायला गेलात तर चवथीचा नेहमीचा खर्च नेहमीसारखाच करावा लागेल. आमच्याकडे त्या वर्षी माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान रोखीने आणलं, फटाके नाहीत, नवा टीव्ही नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

दोन्ही मार्ग बंद झाले तरच त्याच कार्डाच्या बँकेकडून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून घ्या. तो दर पर्सनल लोनपेक्षा जास्त असू शकतो, पण दर महिन्याला पुढे ढकललेल्या कार्डाच्या थकबाकीपेक्षा पुष्कळ बरा. पूर्ण रकमेचं कर्ज नाही मिळालं तर जे मिळेल त्यातून आधी 18 हजारांचं कार्ड संपवा. एरवी जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, पण कार्डांचे दर जवळपास सारखेच असतात, आणि एक बिल कायमचं बंद झालं की मनाला उभारी येते.

पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. आणि कुणी फोन करून ‘साठ टक्के भरा, सेटलमेंट करून देतो’ म्हणालं तर घाई करू नका. सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शिक्का वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे घरकर्ज मागायला गेलात की आड येतो. तुम्ही हप्ते भरताय, तुम्हाला त्याची गरजच नाही.

फेडलेलं कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवू नका. एक जुनं ठेवून बाकीची लेखी अर्ज देऊन बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे थकबाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. तक्रार करूनही तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन 14448.

तिन्ही स्टेटमेंटं काढून त्यावरचा महिन्याचा व्याजदर, या महिन्याचं व्याज, जीएसटी आणि ड्यू डेट एवढंच खाली लिहा. कार्डाचा नंबर नको. बँकेकडून कर्जाचा दर कळला की तोही टाका, दोन वर्षांचा हिशेब मी मांडून देतो.