उतरायचं कसं, ते आधी ठरवा

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. धनुष्याने व्हाइटटेल हरणाची शिकार करतो. आतापर्यंत मित्राच्या शेतावरच्या पक्क्या मचाणावर बसत होतो. यंदा स्टेट गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी रानात, जायचंय, म्हणजे सगळं सामान पाठीवर घेऊन दीडेक मैल चाल. त्यासाठी सॅडल, म्हणजे दोराने झाडाला टांगून बसायचा पट्ट्यांचा झोळा, घेतलंय. आता चढायला चार स्टिक (खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या) घ्याव्यात, की एकच स्टिक घेऊन दोरावरून रॅपल करत उतरावं? जमेल तितकं हलकं हवंय. माझं वजन ८५ किलो. कॉलेजात असताना सह्याद्रीत रॅपलिंग केलंय, त्यामुळे दोराची भीती नाही.

उत्तर : तुम्ही चढण्याचं विचारलंय, पण मी उतरण्यापासून सुरुवात करते. चढताना तुम्ही ताजेतवाने असता, हातांत ऊब असते, घाई नसते. पेनसिल्व्हेनियात हरणावर बाण सोडायची मुभा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. म्हणजे संध्याकाळी बसलात की अंधारातच उतरणार. तीन-चार तास न हलता बसून बोटं बधिर झालेली असतात आणि बाण सोडला असेल तर छाती धडधडत असते. त्या अवस्थेत हातांना जे सहज जमेल तेच सामान घ्यायचं. वजनाचा हिशोब त्यानंतर.

चार स्टिकवरून उतरताना कमरेला लाइनमन बेल्ट, म्हणजे खोडाभोवती घेतलेला आधाराचा पट्टा, असतो, आणि पाय खालची पायरी अंधारात चाचपत असतो. एका स्टिकवर उभं राहून वरची सोडवायची, सॅडलला अडकवायची, पुन्हा खाली पाय. दर वेळी शरीराचा भार एका धातूच्या पायरीवरून दुसरीवर जातो. पायरी ओली असेल, तिच्यावर दव गोठलेलं असेल, तर पाय सटकायची जागा तीच. दोरावर मात्र भार एकदाच टाकायचा आणि मग सरळ खाली. वाटेत लटकत लटकत स्टिकही काढून घेता येतात. म्हणून उतरण्यासाठी दोर घ्याच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न फक्त चढायला किती स्टिक, एवढाच उरतो.

एका स्टिकची पद्धत थोडक्यात सांगते. स्टिक लावायची, तिच्या खाली लटकणाऱ्या पट्टीच्या पायरीतून, म्हणजे एडरमधून, वर चढायचं, टेदर, म्हणजे सॅडल झाडाला जोडणारा दोर, वर सरकवून त्यावर भार द्यायचा, लटकलेल्या अवस्थेत स्टिक सोडवून वर ओढायची, पुन्हा लावायची. दर खेपेला चार-पाच फूट वर. वजन खरंच कमी होतं : दोन-दोन पौंडांच्या चार स्टिक म्हणजे आठ पौंड, तर एक स्टिक, एडर, दोर आणि उतरायचं उपकरण मिळून साधारण चार. पण पोटाचे आणि दंडाचे स्नायू चांगलेच लागतात आणि घाम फुटतो. नोव्हेंबरात अंगावरचा घाम पहिल्या तासात थंड होतो, आणि कुडकुडणारा माणूस झाडावर स्थिर बसू शकत नाही. शिवाय घामाचा वास हरणाला दुरून लागतो. दीड मैल चालून वर ही कसरत पहिल्याच हंगामात नको. तीन हलक्या स्टिक, प्रत्येकीला किंवा निदान सगळ्यात खालच्या स्टिकला एडर, आणि उतरायला दोर, अशी जोडणी करा. पुढच्या वर्षी दोरावर हात बसला की दोन स्टिक घरी ठेवून बघा.

उंचीबद्दलही सांगते, कारण पाठीवरचं ओझं तिथे सर्वांत सोपं उतरतं. मचाणावर वीस-पंचवीस फूट चढायची सवय असते. सॅडलमध्ये तुम्ही झाडाकडे तोंड करून बसता, हरीण येईल त्याच्या उलट बाजूला सरकून खोडाआड लपता. पंधरा ते अठरा फूट पुष्कळ झाले. उंची कमी केली की स्टिक कमी लागतात, दोर आखूड लागतो आणि बाणाचा कोनही फार तिरपा होत नाही.

आता दोर. सॅडलवाल्यांमध्ये ८ मिलिमीटर जाडीचा कमी ताणणारा, म्हणजे स्टॅटिक दोर लोकप्रिय आहे. पण दोर आणि उतरायचं उपकरण ही जोडी आहे; एक निवडल्याशिवाय दुसरं निवडू नका. ग्रिग्री, म्हणजे दोर पकडून थांबवायला मदत करणारं उपकरण, ८.५ ते ११ मिलिमीटरच्या एकेरी दोरासाठी आहे. त्यात ८ मिलिमीटरचा दोर घालायचा नाही, मग ‘चालतं’ म्हणणारे कितीही भेटोत. ग्रिग्री घेणार असाल तर ९ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दोर घ्या. वजन थोडं वाढेल, पण ओरखडे आणि कडा ९ चा दोर जास्त सोसतो. दुसरा मार्ग म्हणजे ८ मिलिमीटरचा दोर आणि फिगर एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची धातूची कडी. फिगर एट हलका आणि स्वस्त, पण हात सुटला तर तो थांबवत नाही. त्यामुळे त्याच्या खाली दोरावर ऑटोब्लॉकची, म्हणजे भार आला की दोर आवळून धरणारी, गाठ हवीच. ही गाठ मुख्य दोरापेक्षा बारीक दोरीची आणि उष्णता सोसणारी हवी. डायनीमा हा कृत्रिम धाग्याचा दोर वजनाला मोहक आहे, पण तो १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि गुळगुळीत असल्याने गाठ धरत नाही. स्टिक बांधायला उत्तम. घर्षणाच्या गाठीला अजिबात नाही.

तुमच्यासाठी मी ९ मिलिमीटर आणि ग्रिग्री सुचवेन. शंभर डॉलरच्या वर जातं खरं. पण थंडीत बधिर हातांनी गाठ बांधण्यापेक्षा एक दांडी ओढणं सोपं.

लांबी अशी काढा : उंची अठरा फूट, पंधरा इंच जाडीच्या खोडाचा वेढा चार फूट, गाठींना तीन फूट, जमिनीवर पडायला थोडा. पस्तीस फूट घ्या. खोडाला वेढा घालून दोर स्वतःच्याच टोकाच्या डोळ्यातून, म्हणजे तिथल्या छोट्या वळ्यातून, ओवायचा आणि फास आवळायचा. त्या डोळ्याला एक बारीक दोरी बांधून खाली सोडायची. जमिनीवरून ती ओढली की फास ढिला होऊन दोर खाली येतो. दोराच्या खालच्या टोकाला थांबगाठ मारा, म्हणजे दोर आखूड पडला तरी तुम्ही टोकावरून निसटणार नाही. मात्र खाली पाय टेकले की ती गाठ आधी सोडा आणि मग बारीक दोरी ओढा. नाहीतर ती गाठ वर जाऊन डोळ्यात अडकते आणि तुमचा दोर रात्रभर झाडावरच राहतो.

हाच दोर बसताना टेदर म्हणून वापरता येतो, उरलेला भाग कमरेच्या पिशवीत. मला ही पद्धत फार आवडते. वेगळ्या टेदरचं वजन वाचतं, आणि उतरायची वेळ आली की एका दोरावरून दुसऱ्यावर जायचं नसतं. उपकरण ब्रिजला, म्हणजे सॅडलच्या पुढच्या दोराला, जोडा, त्यावर पूर्ण भार टाकून बघा, मगच पाय ठेवायच्या प्लॅटफॉर्मवरून पाय काढा. बसलेले असताना दोर कधीच सैल ठेवू नका. स्टॅटिक दोर ताणत नाही, त्यामुळे दोन फुटांचा झटकाही कमरेला जबर बसतो. धनुष्य वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्या, अंगावर घेऊन चढू नका.

सह्याद्रीतल्या अनुभवाचा फायदा होईल, पण तिथे बहुधा अँकर दुसऱ्या कुणी लावलेला होता आणि वरून सुरक्षेचा दुसरा दोर होता. इथे दोन्ही कामं तुमची, आणि खाली कुणी नाही. म्हणून परसातल्या झाडावर गुडघाभर उंचीवर सराव करा, हातमोजे घालून, मग रात्री, मग हेडलँप विझवून. कुठल्या झाडापाशी, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून जा आणि फोन सॅडलच्या खिशात ठेवा, पाठपिशवीत नको. ती पिशवी झाडाला टांगलेली असेल आणि तुम्ही तिच्या दहा फूट खाली.

आणि स्क्रूच्या पायऱ्या घेऊ नका. झाडाला इजा करणारी साधनं तिथल्या सार्वजनिक जमिनीवर चालत नाहीत, खासगी जमिनीवरही मालकाच्या परवानगीशिवाय नाही.

प्रश्न : आमच्या भागात अ‍ॅशची सरळसोट, बिनफांद्यांची झाडं खूप आहेत. बरीचशी वाळलेली, पण उभी आहेत. स्टिक लावायला सोयीची. चालतील का?

उत्तर : नाही. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्यानंतर त्याने अ‍ॅशची रानंच्या रानं मारली. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, झाडाचं अन्न वाहून नेणारा थर तुटतो. मेलेला अ‍ॅश लवकर कोरडा आणि ठिसूळ होतो, आणि मोडताना आधी कुरकुरत नाही. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची तीनेक मिलिमीटरची भोकं दिसली, किंवा सुतारपक्ष्यांनी साल सोलून खोड फिकट पडलेलं दिसलं, की त्या झाडाला हातही लावू नका आणि त्याच्या पडायच्या टप्प्यातलं दुसरं झाडही निवडू नका. जिवंत ओक किंवा मेपल शोधा. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यांनी सुटते आणि स्टिक तिच्यासकट घसरते. बीचचं खोड गुळगुळीत असतं, तिथे स्टिक बांधल्यावर जोरात खाली दाबून बसवावी लागते. निवडलेल्या झाडाभोवती दिवसाउजेडी एक फेरी मारा, बुंध्याशी अळंबी आहे का बघा, आणि मान वर करून शेंड्याला पालवी आहे ना ते पाहा. पानगळीनंतर ते कळत नाही, म्हणून झाड सप्टेंबरातच हेरून ठेवा.