पोटाचं ऑपरेशन करायचंय, पण कुठलं?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल यावेळी इतकी पत्रं आली की बाकी सगळे विषय पुढच्या अंकात ढकललेत. काही पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझं वय ४१, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४२. डॉक्टर म्हणाले स्लीव्ह किंवा बायपास दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. आता मी कसं ठरवू? माझ्या जावेने स्लीव्ह केलं ती खूश आहे, ऑफिसमधल्या एकीने बायपास केलं ती म्हणते डोळे झाकून तेच कर. नेटवर वाचून वाचून डोकं फिरलंय. शुगरची गोळी २ वर्षांपासून चालू आहे, आणि हो, रात्री छातीत जळजळ होते म्हणून दोन उशा घेऊन झोपते.

उत्तर : तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, दोन उशांचं, अर्धं उत्तर तिथेच आहे.

स्लीव्हमधे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात, उरते एक अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात बनतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकच लागत नाही असं लोक सांगतात ते खरंय. पण नळी अरुंद म्हणजे आतलं प्रेशर जास्त, अ‍ॅसिड वर ढकललं जातं, त्यामुळे आधीच जळजळ असेल तर ती वाढू शकते आणि नसेल तर नव्याने सुरू होऊ शकते. बायपासमधे जठराच्या वरच्या टोकाला अंदाजे ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच असतं, फक्त अन्न तिकडून जात नाही. अ‍ॅसिड बनवणारा मोठा भाग वाटेतून बाजूला गेला, त्यामुळे जळजळीला सहसा आराम पडतो.

स्वित्झर्लंडमधे लोकांना अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून ५ वर्षं बघितलं, २०१८ मधे निकाल आले. वजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. फरक निघाला तो जळजळीत, म्हणजे ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांच्यातल्या साधारण ६० टक्के लोकांचा बायपासनंतर गेला आणि स्लीव्हनंतर फक्त २५ टक्के लोकांचा. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की कोणाचे किती किलो उतरले याची तुलना नका करू, तुमच्या अंगात आधीपासून काय काय आहे ते बघा. जावेला जळजळ नसेल तर तिचा अनुभव तिच्यापुरता शंभर टक्के खरा आहे, तुमच्या कामाचा नाही.

शुगरही बायपासच्याच बाजूने बोलतेय. बऱ्याच जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते, आणि तुमच्यासारखी अलीकडची आणि गोळीवरची असेल तर आशा जास्त, वर्षानुवर्षं इन्सुलिनवर असलेल्यांना तेवढी नाही.

आता बायपासची दुसरी बाजू, जी तुमच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने बहुतेक सांगितली नसेल. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घेत असाल तर त्या बंद कराव्या लागतील, पिशवीला आतडं जोडलंय त्या जागी अल्सर होतो. सिगारेटनेही होतो. गोड जास्त खाल्लं की डंपिंग, म्हणजे धडधड, घाम, पोटात कळ, संडास, आणि अर्धा तास आडवं पडून राहायचं. (काही जण म्हणतात बरंच झालं, आपोआप गोड सुटलं!) लोह, बी १२, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या आयुष्यभर, आणि त्या स्लीव्हनंतरही सुटत नाहीत बरं का. आणि आतड्याची मांडणी बदललेली असल्यामुळे काही वर्षांनीसुद्धा ते आत अडकू शकतं, म्हणून पोटात अचानक जोरात कळा आल्या तर गॅस समजून घरी थांबायचं नाही.

एक करा, ठरवायच्या आधी एन्डोस्कोपी करून घ्या आणि रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांना विचारा, ही जळजळ असताना स्लीव्हही चालेल असं तुम्ही का म्हणताय. उत्तर पटलं तर ठीक, नाही पटलं तर दुसऱ्या सर्जनला दाखवा.

प्रश्न : मिनी बायपास म्हणजे छोटं ऑपरेशन ना? आणि ते बँडचं काय झालं, आता कोणी नावच घेत नाही.

उत्तर : मिनी नावावर जाऊ नका. नेहमीच्या बायपासमधे दोन जोड असतात, यात एकच, म्हणून वेळ कमी लागतो, वजन आणि शुगर दोन्ही छान उतरतात. पण आतड्यातलं पित्त जठरात, कधी कधी अन्ननलिकेपर्यंत वर येऊ शकतं, आणि आतड्याचा बराच भाग वगळला असेल तर पोषणाची कमतरताही जास्त. बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती आवळून बसवायचा पट्टा, ते मागे पडलं कारण ते सरकायचं, जठरात रुतायचं, आणि बऱ्याच जणांना शेवटी काढावं लागलं.

प्रश्न : बाकी काही नको, फक्त किती दिवसांत कामावर जाता येईल ते सांगा.

उत्तर : दुर्बिणीतून ऑपरेशन असेल आणि काम बसून असेल तर साधारण २ ते ३ आठवडे, वजन उचलायचं असेल तर ४ ते ६. पण तुम्ही "बाकी काही नको" म्हटलंत तरी मी सांगणारच.

दवाखान्यात १ ते ३ दिवस. त्याच दिवशी संध्याकाळी नर्स उठवून चालायला लावते, तेव्हा तिचा राग येतो पण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते असतं, ऐकायचं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो असं बरेच जण सांगतात, तो ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे, चालल्याने कमी होतो. मग पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण ६ ते ८ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, नेमकं कधी काय ते तुमचा डायटिशियन ठरवेल. लोकांना खरं जड जातं ते पाणी. एका दमात ग्लासभर पिता येत नाही, दिवसभर घोट घोट घेत बसायचं, आणि जेवताना अजिबात नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. थकवा आला की आधी बघा पाणी पुरेसं गेलंय का आणि प्रोटीन ६० ग्रॅमच्या वर जातंय का.

ताप, थांबत नाही अशी धडधड, वाढत जाणारं पोटदुखणं, धाप, यातलं काहीही पहिल्या काही आठवड्यांत झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा, टाक्यांच्या जागेतून लीक असू शकतं.

प्रश्न : बायकोचं स्लीव्ह होऊन दीड महिना झाला. चार घास खाते आणि ताट सरकवते. आई आणि मी आग्रह करून करून थकलो. मधेच रडते, म्हणते उगाच केलं. केस पण गळतायत. आमचं काही चुकतंय का?

उत्तर : आग्रह तेवढा आजपासून बंद. चार घासांत पोट भरणं हेच तर त्या ऑपरेशनचं काम आहे, पाचवा घास दिलात तर तो उलटून बाहेर येईल आणि तिला खाण्याचीच भीती बसेल. "उगाच केलं" हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत कितीतरी जण म्हणतात. टेन्शन आलं, कंटाळा आला, आनंद झाला की खायचं ही सवय एका दिवसात हातातून काढून घेतलीय आणि तिच्या जागी अजून काही आलेलं नाही, रडू येणारच. रोज तिच्याबरोबर चालायला जा, जेवणाचा विषय न काढता. दोन-तीन आठवडे झाले आणि रडणं कमी नाही झालं तर मात्र समुपदेशकाकडे न्या.

केस बहुतेक ३ ते ६ महिन्यांच्या आसपास गळतात आणि नंतर येतात, पण हिचे लवकर सुरू झालेत म्हणून प्रोटीन आणि लोह तपासून घ्या. आणि एक गोष्ट मनावर घ्या, रोज उलट्या होत असतील तर "होतं असं" म्हणून सोडू नका, बी १ जीवनसत्त्व संपतं आणि त्याने नसांवर, मेंदूवर परिणाम होतो, तो कायमचाही राहू शकतो.

प्रश्न : स्लीव्हला ४ वर्षं झाली, ३० किलो गेले होते त्यातले ९ परत आले. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते.

उत्तर : थोडं वजन परत येणं इतकं कॉमन आहे की डॉक्टर भुवईही उचलणार नाहीत. जाच. ते बघतील की नळी सैल झालीय का, थायरॉईड किंवा दुसऱ्या कुठल्या औषधामुळे आहे का, की ज्यूस, आइस्क्रीम, दारू असं सहज खाली उतरणारं वाढलंय. यावर आता इंजेक्शनंही मिळतात, आणि गरजच पडली तर स्लीव्हचं बायपास करता येतं. जाताना कुठल्या गोळ्या मधेच सोडल्या त्याची यादी न्या, खरी खरी.

प्रश्न : वय २९, बायपासला ५ महिने झाले. पाळी इतक्या वर्षांनी नियमित झालीय, सासूबाई म्हणतात आता घाई करा.

उत्तर : सासूबाईंना सांगा अजून वर्षभर तरी नाही. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात कारण वजन भराभर उतरत असताना बाळाला लागणारं पोषण तुमच्याच अंगात नसतं. पाळी सुधारली म्हणजे दिवस राहायची शक्यताही वाढली, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून घ्या. पुढे दिवस राहिले की पहिल्याच भेटीत बायपास झाल्याचं सांगा, कारण गरोदरपणात शुगर बघायला जे ग्लुकोजचं गोड पाणी पाजतात त्याने तुम्हाला डंपिंग होऊ शकतं, त्याऐवजी आठवडाभर घरीच मशीनवर शुगर मोजून चालतं.