ऑफिसला रजा, बाजारात मजा

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी सांगलीची, वय 43, एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे. गेल्या आठवड्यात चार दिवस ताप होता. डेंगी, मलेरियाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. ताप जाऊन तीन दिवस झाले, पण सर्दी-खोकला आहेच आणि अंगात त्राण नाही. आठवडाभर रजा टाकली आहे. दुपारी पडून पडून जीव उबगला म्हणून परवा पिशवी घेऊन बाहेर पडले. शिंप्याकडे महिनाभर पडलेले दोन ब्लाऊज आणले, घड्याळात सेल घालून घेतला, हरभट रोडवरून रमतगमत येताना दोऱ्याची रिळं घेतली. काल तर कृष्णेच्या घाटावर अर्धा तास नुसती बसून राहिले. खोटं कशाला सांगू, कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "ऑफिसला रजा आणि बाजारात मजा!" ते मनाला लागलंय. आजारपणात असं हिंडणं चूक आहे का? वाटेत साहेब भेटले असते तर?

उत्तर : साहेब भेटले असते तर तुम्हाला खोकला आला असता, आणि तो खरा असल्यामुळे पुढचं काही बोलावं लागलं नसतं.

सासूबाईंचं वाक्य मात्र मी वहीत उतरवून घेतलंय. यमक झकास जमलंय.

मी 34 वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात. तिथे ताप उतरलेला पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास विचारायचा, "सिस्टर, खाली जाऊन एक चहा मारून येऊ?" नियमाने आम्ही नाहीच म्हणायचो. पण वॉर्डातल्या आमच्या मावशी म्हणायच्या, कॉटखाली वाकून चपला शोधायला लागला की पेशंट सुटला म्हणून समजा. डॉक्टरांचा राउंड नंतर यायचा, मावशींचा निकाल आधी लागलेला असायचा. तुम्ही चपला शोधल्यात, इतकंच झालंय.

आता माझ्यातल्या नर्सला जरा बोलू द्या. थर्मामीटर 100.4 किंवा त्याच्या वर दाखवत असेल तर अंथरूण सोडायचं नाही, मग घाट कितीही हाका मारो. पॅरासिटामॉल घेऊन उतरवलेला ताप उतरलेला धरायचा नाही. गोळीशिवाय पूर्ण दिवस आणि रात्र कोरडी गेली तर खरं. खोकला आहे तोवर तोंडाला मास्क, आणि बाळंतिणीला भेटायला किंवा कुणा म्हाताऱ्या माणसाकडे बसायला जायचं नाही. शिंपी चालेल, बारसं नको.

आणखी एक, हे तुमच्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी. डेंगीत ताप उतरला की आपण सुटलो असं वाटतं, आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस जोखमीचे असतात. पोटात सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर बाजार बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. तुमच्या दिवसांचा हिशोब पाहता तो टप्पा सरला आहे.

रजेचं म्हणाल, तर खुर्चीत आठ तास बसून आकडे जुळवणं आणि घाटावर अर्धा तास बसणं यांत शरीराला फार फरक पडतो. घाटावर टॅली जुळवावी लागत नाही. या अवस्थेत ऑफिसला गेला असता तर एखादं शून्य इकडचं तिकडे झालं असतं आणि ते शोधायला पुढचे तीन दिवस सगळी पतसंस्था बसली असती.

माझंच सांगते. गेल्या वर्षी भाद्रपदात मला अशीच सर्दी झाली होती. ताप नव्हता, पण नाक असं चोंदलेलं की रात्री उशाला दोन उश्या. घरातलं ज्वारीचं पीठ संपलं, म्हणून तीन किलो ज्वारी डब्यात घालून गिरणीत गेले. एरवी आमची गिरणी आधी नाकाला येते, मग दिसते. गल्लीच्या तोंडाशीच दळणाचा वास असतो आणि तेवढ्यावरून कळतं की आत्ता गहू चाललाय की कुणाची भाजणी. त्या दिवशी काहीच नाही. पट्टा फिरतोय, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात आणि वासाचा पत्ता नाही, टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. जरा वाईटच वाटलं.

पीठ घेऊन रिक्षात बसले आणि डबा मांडीवर घेतला, तर डबा गरम! ताज्या दळणाचं पीठ ऊनच असतं, हे मला काय माहीत नव्हतं? पन्नास वर्षं पीठ आणतेय. पण दर वेळी डबा पायाशी ठेवलेला. साडीतून ती ऊब आधी गुडघ्यांना लागली, मग हातांना. झाकणाच्या कडेला थोडं पीठ सांडलं होतं, ते बोटांनी चोळत बसले. रव्यापेक्षा बारीक, मैद्यापेक्षा खरखरीत. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, डबा खाली ठेवा, त्रास होईल." म्हटलं, राहू दे रे. नाक बंद होतं म्हणून बाकीच्यांना बोलायला जागा मिळाली असेल. हाताला कुठे सर्दी होते? मग घरी जायचं सोडून त्याला तलावपाळीला एक फेरी मारायला लावली. मीटर जास्त पडलं, पडू दे.

पण दुसऱ्या दिवशी मी हावरटपणा केला. काल बरं वाटलं म्हणून आज गौरींचं सामान आणायला ऐन संध्याकाळी जांभळी नाक्याला गेले. गर्दी, घासाघीस, दोन्ही हातांत पिशव्या. आमच्या इमारतीचे तीन जिने चढताना पाय लटपटायला लागले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. गौरी त्या वर्षी जुन्याच मुखवट्यावर, साध्या साडीत बसल्या आणि त्यांनी तक्रार केली नाही.

तेव्हा एका वेळी एकच काम काढा आणि ते असं की जिथे दुकानदार स्टूल पुढे करतो. घड्याळजी, शिंपी, चप्पल शिवणारा, ही माणसं उत्तम. त्यांचं काम बघत बसता येतं. भाव करावा लागेल असं काही नको, त्यात दम जातो. चालताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागली किंवा छातीत जड वाटलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. येताना रिक्षा. जाताना चालून आणि येताना रिक्षा, उलटं नको.

आणि उद्या निघण्याआधी सासूबाईंना विचारा, "तुमचं काही आणायचंय का?" वाती असतील, कापूर असेल, चष्म्याची काडी सैल झाली असेल. त्यांना बाहेर पडून किती दिवस झाले, हेही बघा. हातात यादी दिली की मजा हा शब्द सहसा निघत नाही, निदान आमच्याकडे निघाला नाही.

प्रश्न : वय 68, नागपूर. सर्दीने तोंडाची चव पार गेली. सौ. मऊ भात आणि मुगाचं वरण देते, ते कागद चावल्यासारखं लागतं. काल बँकेत पासबुक भरायला म्हणून गेलो आणि कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले. चक्क चव लागली! हे कसं? आणि घरी सांगू का?

उत्तर : जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असते ती एक चव, एवढंच कळतं. वरणातला हिंग, तूप, जिऱ्याची फोडणी हे सगळं घशामागून नाकात जातं, तेव्हा कळतं. ती वाट बंद आहे, म्हणून वरणाचा कागद झाला. त्यात सौंचा दोष नाही, हे त्यांना जरूर सांगा. तिखट ही मुळात चवच नव्हे, ती जळजळ आहे आणि तिची नस वेगळी. तिला नाक लागत नाही, म्हणून तर्री पोचली. कपाळाला बाम चोळल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेही याच नसेमुळे. मेंथॉलने गारवा कळतो, आतली सूज तेवढीच असते.

मऊ भातावर लिंबू पिळा, बाजूला लोणच्याची फोड घ्या, आंबट आणि खारट जिभेला पोचेल. तर्री पित्त करत नसेल तर दोन चमचे, पातेलंभर नको. बीपी असेल तर दुकानातून मनाने सर्दीची गोळी घेऊ नका, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी ते चढतं. सर्दी जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास येत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पासबुक भरलंत का, ते लिहिलं नाहीत. सौ. पहिलं तेच विचारतील.

प्रश्न : मी 19 वर्षांचा, पुण्यात होस्टेलला. सर्दी आहे, ताप नाही. आईस्क्रीम खाऊ का? आई फोनवर नको म्हणते.

उत्तर : खा रे बाळा. सर्दी विषाणूने होते, गारव्याने नाही. घसा दुखत असेल तर उलट बरं वाटेल. मात्र तुला दम्याचा त्रास असेल किंवा गार खाऊन खोकल्याची ढास लागत असेल, तर आईचं ऐक. कप वेगळा घे, मित्राच्या चमच्यात चमचा घालू नकोस. आईला सांगायचंच असेल तर खाऊन झाल्यावर सांग.