खो वेळेवर देता आला पाहिजे

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली आहे आणि घरचे विचारतायत, खेळून पुढे आयुष्यात काय उपयोग? मी नाशिकची, पंचवटीतल्या एका शाळेकडून दहावीपर्यंत खो-खो खेळले. माझ्यापुरतं सांगते.

खेळाने शिस्त लागते, हार पचवता येते, ही नेहमीची उत्तरं मला फारशी पटत नाहीत. शिस्त आईच्या धाकानेही लागते. मला जे मिळालं ते खो-खोच्या नियमांतच होतं.

आक्रमणाला नऊ जणी. त्यातल्या आठ पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या चौकोनांत, एकाआड एक उलट तोंड करून बसलेल्या, पळणारी एकच. म्हणजे बराचसा वेळ तुम्ही बसूनच असता. बघणाऱ्याला ते नुसतं बसणं वाटतं, पण टाच उचललेली असते आणि कान मागे असतात. कारण खो पाठीमागूनच मिळतो. मिळाला की त्याच क्षणी उठायचं. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. समोरच्या गड्याला मात्र कुठूनही कुठेही जायची मुभा. ती हुलकावणी देऊन पलीकडे गेली की तुम्ही कितीही चपळ असा, हातात एकच उपाय उरतो: खो देऊन त्या जागी बसणं.

हे बसणं फार जिवावर येतं. आमच्यातली सगळ्यात वेगवान मुलगी कायम ‘आणखी दोन पावलं, धरतेच’ म्हणून धावत राहायची आणि सर बाहेरून ओरडायचे, "अगं, दे की खो!" दुसरी एक पळायला बेताचीच, पण खो कधी आणि कुणाला द्यायचा हे तिला नेमकं कळायचं. गडी बाद केल्याची नोंद तिच्या नावावर क्वचितच व्हायची, कारण जिचा हात लागतो तिचाच नंबर गुणपत्रकावर चढतो. बाद कुणामुळे झाली हे आम्हाला मात्र बरोबर ठाऊक असायचं.

आता मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. सकाळच्या गारव्यात खुडलेला माल क्रेटमधून येतो. मग खराब मणी काढणं, प्रतवारी, वजन, पनेट (छोटे डबे) भरणं आणि लगेच प्री-कूलिंग, म्हणजे माल पटकन थंड करणं. एखाद्या टेबलावर माल अडला की देठं सुकायला लागतात. आणि माल अडवणारा बहुतेक वेळा आळशी नसतो. ‘थांबा, मीच करून टाकते’ म्हणणारी हुशार बाई असते. नवीन माणूस घेताना मी तेवढंच बघते. हातातलं काम पुढे द्यायची वेळ त्याला कळते का? आणि दिल्यावर तो गप्प बसतो का?

पळतीची, म्हणजे बचावाच्या पाळीची, गोष्ट वेगळी. तिथे तीन-तीन जणी उतरतात, पण एकदा पाठलाग करणारी मागे लागली की तुमचं तुम्हालाच निभवावं लागतं. सांघिक वगैरे तिथे फारसं काही नसतं.

घरच्यांना अभ्यासाची काळजी असेल, तर त्यांना सांगा की दहावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात (निकष क्रीडाशिक्षकांकडून समजून घ्या) आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला, आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राचीच. हे ऐकून आजी-आजोबा तरी विरघळतील.

सरांना मात्र एक गोष्ट आधी विचारा. संघ बारा जणींचा असतो, खेळतात नऊ. राखीव तिघींना ते आलटून-पालटून उतरवतात की बाटल्या भरायला ठेवतात? दुसरं असेल तर आठवीतल्या मुलीचं पहिलं वर्ष बहुधा मैदानाबाहेरच जाईल, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.