चीज बॉल्स तेलात फुटतात, ते बाइंडिंग कमी पडल्यामुळे नव्हे

तुम्ही विचारलंय : ‘घरी चीज बॉल्स केले की तेलात फुटतात, चीज बाहेर येतं आणि सगळं तेल खराब होतं. कॉर्नफ्लोअर वाढवून पाहिलं तरी तेच. हॉटेलातले मात्र अख्खे राहतात. मुलाच्या वाढदिवसाला करायचे आहेत, नेमकं काय चुकतंय?’

आधी तो कॉर्नफ्लोअरचा डबा बाजूला ठेवा. कुणालाही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असतं, ‘बाइंडिंग कमी पडलं असेल.’ पण बाइंडिंगने सारण एकत्र राहतं, चीज आत राहत नाही. मी घरून पार्टीच्या ऑर्डरी घेते आणि त्यात चीज बॉल्स हमखास असतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

चीज साधारण साठेक अंशांना मऊ होऊन वाहायला लागतं. तळणीचं तेल असतं १७५ ते १८० अंशांवर. बॉल तेलात पडला की दोन कामं एकदमच सुरू होतात : बाहेरचं कवच कडक होत जातं आणि आतलं चीज पातळ होत जातं. कवच आधी तयार झालं तर बॉल अख्खा राहतो. चीज आधी पातळ झालं तर बटाट्यातल्या पाण्याची वाफ जिथे कवच कच्चं असेल तिथून वाट काढते आणि जाताना चीजही सोबत नेते. यात कॉर्नफ्लोअरचा काही उपयोग नाही, उलट जास्त झालं की बॉल चिवट लागतात. करायचं एवढंच की आतला भाग गार हवा, बाहेरचं कोटिंग बिनभेगेचं हवं आणि तेल पुरेसं तापलेलं हवं.

आता चीज कुठलं? बॉल्ससाठी आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज, अमूलच्या क्यूबसारखं, अगदी उत्तम. ते तयार करतानाच त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. त्यामुळे ते तापलं तरी त्यातला स्निग्धांश वेगळा सुटत नाही आणि ते फारसं पळतही नाही. तार मात्र येत नाही. मुलांना तार हवीच असते, म्हणून मी आत मोझरेलाचा तुकडा ठेवते आणि बटाट्यात थोडं प्रोसेस्ड चीज किसून घालते. मोझरेला पिझ्झासाठी मिळतं तेच, ठोकळ्यातलं घ्या. पाण्यात बुडवलेले पांढरे गोळे मिळतात ते सॅलडसाठी ठीक, तळणीत ते त्रासच देतात. आणि पाकीट उलटं करून घटक वाचा. त्यात पाम तेल किंवा दुसरं कुठलं वनस्पती तेल दिसलं, तर ते चीज नाही, ॲनालॉग आहे, म्हणजे चीजसारखा बनवलेला नकली पदार्थ. स्वस्त पडतं, पण मी तरी ते मुलांच्या पार्टीला वापरत नाही.

फुटण्याची फारच धास्ती असेल तर बटाट्यात थोडं पनीर कुस्करून घाला. पनीर तापून मऊ होतं, पण वितळत नाही. गरम दूध लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलं की आम्लामुळे प्रथिनांना धरून असलेलं बरंचसं कॅल्शियम सुटून निवळीत जातं आणि मग ती प्रथिनं कितीही तापवली तरी वाहत नाहीत. पनीर पकोडा कुणाच्याही हातून फुटत नाही तो यामुळेच.

बटाटे जुने घ्या. नवा बटाटा पाणचट असतो. अख्खे, सालासकट उकडा, कापून कुकरला लावले की पाणी पितात. सोलून ताटात पसरून ठेवा, वाफ निघून जाऊ द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच किसा. गरम बटाटा कुस्करून मळत बसलं की त्याचा चिकटा होतो. सगळ्यात सोपं म्हणजे आदल्या रात्रीच उकडून फ्रीजमध्ये ठेवावेत, सकाळी किस छान मोकळा पडतो. थोडं बाइंडिंग लागतंच, त्यासाठी पोहे वापरा. जाडे पोहे कोरडेच मिक्सरला फिरवायचे आणि ४०० ग्रॅम बटाट्याला साधारण ३ टेबलस्पून पूड घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. सुटलेलं पाणी ती पूड ओढून घेते. मीठ हात राखून घाला, चीजमध्ये ते असतंच. आलं-मिरची, मिरपूड, कोथिंबीर, चिली फ्लेक्स, काय हवं ते घाला, पण कच्चा कांदा नको. मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं. स्वीट कॉर्न घालणार असाल तर दाणे अख्खे ठेवू नका. उकडून, फडक्यावर कोरडे करून मिक्सरला एकच झटका द्या. अख्ख्या दाण्यात पाणी कोंडलेलं असतं आणि तेलात तो फुटला की थेट हातावर उडतो.

४०० ग्रॅम बटाट्यात लहान लिंबाएवढे २० बॉल होतात. तेवढ्यांना २५ ग्रॅमचे ५ क्यूब पुरतात, एकेकाचे चार तुकडे करायचे. मोझरेला घेतलंत तर तेवढेच तुकडे कापा. गोळा हातावर खोलगट करून मध्ये तुकडा ठेवा आणि सगळीकडून सारखी जाडी राहील असं तोंड मिटवा. तळव्याला तेलाचं बोट लावून गोल फिरवा. आता बॉल डोळ्याजवळ धरून सावकाश फिरवत बघा. जिथे तोंड मिटवलं तिथे केसाएवढी बारीक रेष बऱ्याचदा राहते. बॉल फुटतो तो तिथूनच. पाण्याच्या बोटाने ती रेष चोळून बुजवा. या तपासणीचा कंटाळा येतो खरा, पण निम्मं काम इथेच होतं.

कोटिंग दोनदा करायचं, यात काटकसर नाही. २ टेबलस्पून मैदा, २ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर (इथे ते हवं!), चिमूटभर मीठ आणि घट्ट ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. अंडं चालत असेल तर फेटलेलं अंडं याहून बरं, ते तेलात पटकन घट्ट होतं. एक हात ओल्याचा आणि दुसरा कोरड्याचा ठेवा, नाहीतर थोड्याच वेळात बोटांनाच ब्रेडक्रम्सचं कोटिंग चढतं. बॉल पेस्टमध्ये बुडवा, चुऱ्यात घोळवा, सगळे झाले की दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पेस्ट, पुन्हा चुरा. दुसऱ्या वेळी तळव्यांत हलकेच दाबून फिरवलं की चुरा घट्ट बसतो. चुरा शिळ्या ब्रेडचा, कडक वाळवून मिक्सरला काढलेला सगळ्यात छान. फक्त गोडसर मिल्क ब्रेड घेऊ नका, साखरेमुळे तो आत काही व्हायच्या आधीच काळपट पडतो. बाजारचे रंग घातलेले केशरी क्रम्स तर तळून झाले की नाही हे कळूच देत नाहीत.

मग फ्रीजर. बॉल एकमेकांना न चिकटता ताटलीत मांडून पाऊण तास ठेवा. बाहेरून टणक, आतून गारठलेले, एवढंच हवं. आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवले असतील तर तळण्याआधी अर्धा तास खाली फ्रीजमध्ये काढा. दगड झालेला बॉल तळला तर वरून खरपूस दिसतो आणि आत बटाटा बर्फाळ. ओट्यावर मात्र काढून ठेवू नका. बाहेर कोटिंगला घाम सुटतो आणि ते ओलं पाणी तेलात तडतडतं.

कढई खोल घ्या आणि बॉल पूर्ण बुडतील एवढं तेल. थर्मामीटर नसेल तर कोटिंगचा थोडा चुरा तेलात टाकून बघा. लगेच वर येऊन फसफसला पण जळला नाही, तर तेल झालं. चुरा तळाशी बसला तर थांबा. एका वेळी चार-पाचच सोडा. गार बॉल पडले की तेल एकदम उतरतं, दहा सोडले तर बॉल तळले जात नाहीत, तेलात शिजत बसतात, आणि तेवढ्यात चीज पळतं. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका. मग हलकेच फिरवा आणि बुडबुड्यांवर नजर ठेवा. सुरुवातीला ते सगळ्या बाजूंनी येतात आणि हळूहळू कमी होत जातात, हे बरोबर. पण एखाद्या बॉलच्या एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची सलग धार लागली आणि तिथे पांढुरका फेस दिसला, तर तो फुटायच्या बेतात आहे. रंगाची वाट न बघता तो उचला. अडीच-तीन मिनिटांत बाकीचे सोनेरी होतात. किंचित फिकट असतानाच काढा, बाहेर रंग चढतो. आणि टिश्यूवर नको, जाळीवर किंवा पुरणाच्या चाळणीवर काढा. टिश्यूवर वाफ खाली कोंडते आणि बूड मऊ पडतं.

एखादा फुटलाच तर गॅस बारीक करा आणि झाऱ्याने बाहेर आलेलं चीज लगेच गोळा करून काढा. वर झाकण ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, झाकणाखालची वाफ पाणी होऊन तेलात पडली की जास्तच उडतं. दोन घाण्यांमध्ये तळाचा चुराही काढत राहा, तो जळला की पुढच्या बॉल्सना कडवट वास लागतो.

चीज स्टिक्सचं गणित मात्र वेगळं, कारण तिथे बटाट्याची पारीच नाही. मोझरेलाच्या ठोकळ्याच्या बोटभर लांब आणि सेंटिमीटरभर जाड कांड्या कापा. आधी कोरड्या मैद्यात घोळवा, नाहीतर गुळगुळीत चीजवर पेस्ट धरत नाही. मग वरच्यासारखंच दोनदा कोटिंग, टोकांकडे विशेष लक्ष, कारण फुटतात त्या टोकांनाच. या मात्र अगदी दगड व्हायला हव्यात. किमान दोन तास फ्रीजरमध्ये आणि तिथून थेट १८० अंशांच्या तेलात, दीड मिनिटाच्या आत बाहेर.

हॉटेलातल्यांचं विचारलंत. बऱ्याच ठिकाणी ते गोठवलेल्या पाकिटातून येतात, कारखान्यातच अर्धवट तळलेले. शिवाय त्यांच्याकडे भरपूर तेलाचा, एकाच तापमानावर राहणारा फ्रायर असतो. अर्धवट तळण्याची युक्ती घरीही चालते आणि वाढदिवसाला तर तीच करा. आदल्या दिवशी चांगल्या तापलेल्या तेलात बॉल फक्त पाऊण मिनिट तळून काढा, पूर्ण गार करा आणि डब्यात भरून फ्रीजरला ठेवा. कवच आधीच बसलेलं असल्याने दुसऱ्या दिवशी फुटण्याची भीती जवळजवळ संपते. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी खालच्या फ्रीजमध्ये आणा आणि केक कापायच्या सुमारास तळायला घ्या.

एअर फ्रायरबद्दल कुणीतरी विचारेलच. बॉल्स होतात, पण ब्रेडचा चुरा आधी चमचाभर तेलावर कढईत गुलाबी परतून घ्यावा लागतो, नाहीतर पांढरेफटक राहतात. स्टिक्स त्यात घालू नका. हवेने कवच व्हायला वेळ लागतो आणि तोवर चीज जाळीतून खाली गेलेलं असतं.

आणि लहान मुलं आहेत म्हणून सांगते, कढईतून काढल्यावर पाचेक मिनिटं तरी वाढू नका. वरून कोमट लागतात, पण आतलं चीज टाळ्याला चिकटून चांगलंच भाजतं. पहिल्या ताटलीतले बॉल अर्धे कापूनच द्या, म्हणजे तारही दिसेल आणि निवतीलही.